आडवा उजेड

रविवारी सकाळी साडेअकरा वाजता, जयपूरच्या जवाहर नगरातल्या एका सभागृहात, दीडशे माणसांच्या डोळ्यांदेखत सुरुचीच्या हातावरचा व्रण नाहीसा झाला.

पडद्यावर दोन चित्रं होती. डावीकडे चार महिन्यांपूर्वीचा फोटो: तेलानं भाजलेली कोपराची कातडी, दोरखंडासारखी वर आलेली. उजवीकडे तोच हात, आत्ताचा, कॅमेऱ्यातून थेट, गुळगुळीत. टाळ्या थांबेनात. सुरुचीची आई कलावती पदरात तोंड घालून रडत होती.

पांढरा कोट घातलेले सुखदेवजी माइकवर आले. "बहनजी, दाग मेहमान है, कोलॅजन मालिक है. मालिक को बुलाओ, मेहमान खुद चला जाएगा." हे मालक, म्हणजे कोलॅजनची खायची पावडर, डब्यात भरून दाराशीच विकायला ठेवले होते.

कलावतीच्या घरात गंडा, ताईत, अंगारा कधी आला नव्हता. रेल्वेच्या बदलीनं अकोल्याहून जयपूरला आलेलं हे बौद्ध कुटुंब बुवाबाजीला हसणारं. पण सुखदेवजींनी अंगारा दिलाच नव्हता. त्यांनी कोलॅजन या कातडीतल्या प्रथिनाच्या रेणूंच्या आकृत्या दाखवल्या होत्या. म्हणून तर चार महिन्यांपूर्वीच तिनं ऐकलं, आणि इस्पितळानं दिलेली घट्ट दाबपट्टी पोरीच्या हातावरून उतरवली. 'कोलॅजन को साँस लेने दो,' ते म्हणाले होते.

दुपारी नवरा दशरथ ड्यूटीवरून आला. तो रूळ तपासणारा.

"बाबा, मतलब, स्क्रीनवर एकदम प्लेन दिसत होतं," सुरुची म्हणाली.

"इथं तं नाही दिसत."

"तुम्हाले चांगलं काही दिसतच नाही," कलावती म्हणाली.

दशरथनं खोलीत अंधार केला. बॅटरी हातासमोर सरळ धरली, व्रण बुजला. मग ती कातडीला लागून आडवी धरली. एकेक वळी सावलीसकट उभी राहिली.

"रुळावरचा खड्डा असाच शोधतो आम्ही. समोरून उजेड टाकला का लपते. पहिला फोटो त्या सुखदेवनं आडव्या उजेडात काढला असन. आज समोर मोठा दिवा होता का?"

"होता. गोल. आणि वरून कातडीच्या रंगाचं क्रीम लावलं होतं," सुरुची म्हणाली.

"हात सरळ कर बरं."

कोपर अर्ध्यातच अडलं.

"आता इतकाच होतो, बाबा. स्टेजवरही वाकवूनच ठेवायला सांगितला होता. आई खुश होती, म्हणून नाही बोलले."

"पट्टी होती तेव्हा पुरा होत होता," कलावती म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात डॉक्टर रत्नप्रभांनी सांगितलं, "व्रण असतोच कोलॅजनचा. शरीरानं घाईत, नको तितका विणलेला. काही जखमांवर आम्हीही कोलॅजनची पट्टी लावतो. पण खाल्लेलं कोलॅजन डाळीसारखं पोटात पचतं. त्याला कोपराचा पत्ता ठाऊक नसतो. दाब सुटला की व्रण आखडतो आणि सांधा अडतो. दाब आणि रोजचा व्यायाम, एवढंच हवं होतं."

"म्हणजे माझ्यानं झालं," कलावती म्हणाली.

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या संमतीचा कागद तिच्यापुढे ठेवला; आखडलेली कातडी आता कापूनच मोकळी करावी लागणार होती.

चमत्कार आता राख फासून येत नाही. इस्त्रीचा कोट घालून येतो. त्यालाही विचारावं: फोटो कुणी काढला, कुठल्या उजेडात, आणि चालू उपचार का सोडायचा? उत्तर मिळेपर्यंत पट्टी उतरवू नये.

सुखदेवजींचा पुढचा कार्यक्रम जयपूरजवळच्या सांगानेरला जाहीर झाला आहे. सुरुचीची शस्त्रक्रिया गेल्या मंगळवारी झाली. हात फळीला बांधलेला आहे. कोपर किती सरळ होईल, हे डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही.