अण्णा आणि बारा इंची स्पीकर

आमच्या अण्णांचं एक आहे. मी काहीही केलं की ते म्हणतात, "छान." पोळी करपली, छान. गणितात बासष्ट पडले, छान. आठवीपर्यंत मी शाळेत गायचे. संध्याकाळी घरी सराव करायचे तेव्हा अण्णा कामावरून येऊन दिवाणावर बसलेले असायचे, माझ्याकडं बघत मान हलवत. छान! मला वाटायचं, अख्ख्या पुंडलिकनगरात इतके लाड करणारा बाप दुसऱ्या कुणाला नसेल.

नववी सुरू झाली आणि एके दिवशी मेथी निवडता निवडता आईनं सांगून टाकलं. अण्णा शेंद्र्याला एका कंपनीत प्रेसवर आहेत, एकोणीस वर्षं झाली. खाली पत्रा ठेवायचा, वरून मशीन ठोका मारतं, की पत्र्याचा भाग तयार. दिवसभर तेच. आता कानात घालायला बोळे देतात, पण सुरुवातीची कितीतरी वर्षं अण्णांनी कापूससुद्धा घातला नव्हता.

"कंपनीच्या डॉक्टरनं कान तपासले," आई म्हणाली. "बारीक आवाज गेलेत त्यांचे. जाडे राहिलेत."

"मग माझं गाणं?"

आईनं एक काडी मोडली, मग आणखी एक. "तुझा आवाज लई बारीक हाय गं."

म्हणजे इतकी वर्षं ते माझे ओठ बघत होते! मला रडू आलं, मग राग आला, मग पुन्हा रडू आलं. आणि सगळं झाल्यावर भूक लागली. पोळीभाजी खाता खाता माझ्या डोक्यात आलं, जाडे आवाज राहिलेत ना? मग जाडा आवाज काढू! त्यांनी मला एकदा खरंखुरं ऐकायला पाहिजे. बास, एवढंच पाहिजे होतं मला. बाकी स्नेहसंमेलन, टाळ्या, बक्षीस गेलं उडत.

दुसऱ्या दिवशी मी अमिनाला सांगितलं की मी आता गाणार नाही, जाडा आवाज काढणारी बेस गिटार वाजवणार. अमिना आमच्या शाळेच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवते आणि सगळ्यांवर हुकूम सोडते.

"पागल झालीस काय? बेस कोण ऐकतं? वाजत असला तर कळत नाही, बंद पडला तरच कळतो."

"एक जण ऐकेल."

तिला वाटलं मुलगा आहे. मधल्या सुट्टीपर्यंत ती माझ्याशी बोललीच नाही, आणि मग खरं सांगितल्यावर तिनं तिचा अर्धा डबा मला दिला. शिवाय तिच्या गयासमामूंची बेससुद्धा! मामू तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांची बेस कपाटावर चादरीत गुंडाळून ठेवलेली होती. चार जाड तारा, चारीही गंजलेल्या. गळ्यात अडकवली तर मीच पुढं झुकायचे, एवढी जड.

जुन्या तारांचा आवाज परत आणायचा तर त्या पाण्यात उकळायच्या, असं एका व्हिडिओत होतं. मी तारा काढल्या, वेटोळी केली, पातेल्यात सोडली, वर चमचाभर सोडा. आईनं झाकण उचललं.

"शेवया कधी घातल्यास?" मग तिनं नीट बघितलं. "अगं गधडे, दुधाचं पातेलं हाय ते!"

तारा मात्र लखलखीत झाल्या. त्याच व्हिडिओवाल्यानं सांगितलं होतं की सूर स्वच्छ ऐकू यायला हवा, ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं, बटण वर ठेवा. अमिनाच्या भावाचा गिटारचा आवाज मोठा करणारा छोटा अ‍ॅम्प आणला, तुपाच्या डब्याएवढा. ट्रेबल पूर्ण वर केलं आणि तीन महिने घासलं. बोटांना फोड आले, ते फुटले, त्यावर घट्टे आले. ते घट्टे मी वर्गात सगळ्यांना दाखवले, न विचारणाऱ्यांनाही. आणि आवाज! टिंग, टिंग, एकेक सूर चकचकीत. मी स्वतःवर इतकी खूश होते की हे सगळं कशासाठी चाललंय ते विसरूनच गेले होते.

एका संध्याकाळी अण्णा दिवाणावर बसले होते. मी वाजवलं. त्यांनी मान हलवली. "छान."

मला शंका आली. मी तेच पुन्हा वाजवायला घेतलं, पण मध्येच हळूच अ‍ॅम्पचा आवाज शून्यावर आणला. बोटं तशीच नाचवत राहिले. खोलीत नुसती तारांवरची खसखस. अण्णा माझ्या बोटांकडं बघत होते, डोळ्यांत ते नेहमीचं हसू. संपल्यावर म्हणाले, "छान झालं."

मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि बादलीवर बसून राहिले.

रविवारी बेस पाठीवर मारून आणि तो तुपाच्या डब्याएवढा अ‍ॅम्प पिशवीत घालून जुन्या बाजारात शफीकचाचांकडं गेले. सगळे मंडपवाले आपले फाटलेले स्पीकर त्यांच्याकडं आणतात. ते आतला फाटका कागद काढून नवा चिकटवतात. त्यांनी माझा तुपाचा डबा लावून बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ये तो तू घुंगरू बजा रही, बेटी. बेस किधर है?"

मग मी सगळं सांगितलं. नळाचंसुद्धा. चाचांनी हातातला ब्रश डिंकाच्या वाटीत ठेवला आणि ट्रेबलचं बटण फिरवत फिरवत पार खाली आणलं.

"बाप को सुनाना है ना? तो ये चमक नक्को तेरे को. चमक जिनके कान अच्छे हैं उनके वास्ते." त्यांनी डब्यावर टिचकी मारली. "जाडे सूर को हवा लगती. बडा कागज, बडी पेटी. इसमें हवाच नै."

मागच्या भिंतीला माझ्या कमरेएवढं एक लाकडी खोकं उभं होतं. फुलंब्रीच्या एका मंडपवाल्यानं नवा सेट घेतला तेव्हा ते त्यानं इथंच सोडून दिलं होतं. चाचांनी त्यात बारा इंची स्पीकर बसवला, नवा कागद लावलेला, आणि जोडीला एक जुना अ‍ॅम्प दिला. बदल्यात एकच अट, त्यांच्या नातीला, राहतला, दर रविवारी गणित शिकवायचं. राहत सहावीत आहे आणि अपूर्णांकांचा तिला मनापासून तिटकारा आहे. बासष्ट मार्कवाली मी तिला शिकवणार! मी लगेच हो म्हटलं.

खोकं रिक्षातून घरी आणलं आणि कोपऱ्यात ठेवून पहिली तार छेडली. आई गं! मांडणीवरच्या वाट्या नाचायला लागल्या, डब्यांची झाकणं खणखणली आणि सूर कुठला ते कळेचना, नुसतं घूं घूं.

"बंद कर ते!" आई ओरडली. "वरच्या सारजाबाई काठी घेऊन येतील!"

मी चाचांना फोन लावला. ते म्हणाले, कोपऱ्यातून बाहेर काढ, आणि आत गोधडी कोंब. आईनं कुरकुर करत चार ठिकाणी उसवलेली एक वाकळ दिली. मागची फळी काढून ती आत बसवली, खोकं भिंतीपासून दोन हात पुढं ओढलं. पुन्हा छेडलं. घुमणं गेलं होतं. उरला होता एक गोल, भरलेला सूर. अंगठ्याच्या मांसल भागानं, गिटारच्या मानेजवळ वाजवलं तर तो आणखीच मऊ व्हायचा. व्हिडिओवाल्यानं ऐकला असता तर नाक मुरडलं असतं. मुरडू दे.

शनिवारी अण्णांची पहिली पाळी होती. चारला आले, चहा घेऊन दिवाणावर बसले. मी वाजवायला घेतलं. त्यांच्याकडं बघायची हिंमत नव्हती, म्हणून तारांकडंच बघत होते. गाणं संपलं.

ते छान म्हणाले नाहीत.

मी वर बघितलं. त्यांनी कप खाली ठेवला होता. उठून आले, खोक्यापाशी उकिडवे बसले आणि त्याच्या माथ्यावर तळहात सपाट टेकला.

"परत वाजव."

वाजवलं. अण्णांनी डोळे मिटले होते, हात तसाच. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"चौथा ठोका मागं पडतोय."

"काय?"

"तीन बरोबर पडतात. चौथ्याला तू दम घेती, मग मारती."

"नाही घेत मी!" मी मोठ्यानं म्हटलं, त्यांना ऐकू जावं म्हणून आणि रागानंही.

"घेती. प्रेसवर आम्ही असंच बघतो. डाय, म्हणजे पत्र्याचा साचा, झिजला का ते बघायला मशिनीला हात लावून उभं राहायचं. आवाजात फरक पडायच्या आधी तळहाताला कळतं. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो."

"ही काय प्रेस आहे का अण्णा? गाण्यात थोडं मागंपुढं चालतं."

"मनानं मागं राहणं येगळं. मागं पडणं येगळं. तू पडती."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "कामून भांडताय बापलेक?"

"हे म्हणतात माझं चुकतंय!" मी ओरडले आणि माझ्या लक्षात आलं की मी हसतेय आणि नाक वाहतंय. पंधरा वर्षांत पहिल्यांदा अण्णांनी माझी चूक काढली होती. नेमकी चूक! माझी! आईनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा खोक्यावरच्या हाताकडं. मग ती तिथंच उंबऱ्यात बसली.

मला इतका आनंद झाला होता की मी आणखी जोरात भांडले. म्हटलं, अमिनाला विचारा, व्हिडिओ बघा, तुम्हाला गाण्यातलं काय कळतं. अण्णा शांतपणे ऐकत होते, म्हणजे माझे ओठ बघत होते. मग त्यांनी मोकळ्या हातानं माझ्या पायावर ठोके धरले. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. चौथा अगदी वेळेवर.

मी वाजवलं. चुकलं. पुन्हा वाजवलं. "व्हय, दम घेतलास," ते म्हणाले. खरंच घेतला होता. मलाही कळला आता. चहावर साय धरली. सारजाबाई जिन्यातून डोकावून गेल्या आणि आईला बघून परत वर गेल्या.

सातव्यांदा जमलं. तळहात खोक्यावरून न उचलता अण्णा म्हणाले, "हं. आता पुढचं कडवं."