बेणं शिजलं

शेलूबाजारच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या वैजयंतीला वर्गातल्या प्रश्नांची भीती कधी वाटली नव्हती. प्रजननाचा धडा आला की पोरं खाली मान घालून खिदळतात. त्यांना एकदा मनसोक्त हसू द्यायचं आणि मग शिकवायला लागायचं, हा तिचा शिरस्ता. पण त्या शनिवारी मागच्या बाकावरच्या अंजूने सरळ विचारलं, "म्याडम, पयली पेशी एकटी सुखात होती ना? मंग तिले दोन कायले व्हायचं होतं?"

"तिला काही व्हायचं नव्हतं," वैजयंती म्हणाली. "तशा कितीतरी असतील. ज्या दोन झाल्या नाहीत त्या संपल्या. ज्या झाल्या, त्यांचे आपण. इच्छा-बिच्छा फार नंतर आली."

उत्तर बरोबर होतं. घंटा झाली, पोरं पांगली, आणि ते बरोबर उत्तर बाईंच्या मानगुटीवर बसून घरी आलं. त्या पहिल्या पेशीपासून तिच्या आईपर्यंत, मधे मासे, बेडूक, माकडं, कोण कोण, एकही विनापत्य गेलं नव्हतं. गेलं असतं तर वैजयंती नसतीच. कोट्यवधी वर्षांची न तुटलेली ओळ, आणि ती येऊन थांबणार हिच्यापाशी. डॉक्टरांनी दिवाळीआधीच हात टेकले होते. इच्छा नंतर आली म्हणे! आली ती आली, आणि ओळ संपत आली तरी जायचं नाव घेईना.

मूल दत्तक घ्यायला नवरा तयार होता. नवरा म्हणजे गोलू. चाळिशी ओलांडली, टक्कल पडलं, तरी आईने ठेवलेलं लाडाचं नाव काही सुटलं नाही. अडलं होतं ते सासूपाशी. "परकं रक्त माह्या घरात नको," हा रंगूबाईंचा हेका, आणि गोलू आईपुढे मांजर. सासूच्या मनाविरुद्ध लेकरू आणायचं तर वैजयंतीच तयार नव्हती. त्या लेकराला आजीच्या तोंडाकडे बघत बघत मोठं व्हावं लागलं असतं.

रविवारी वावरात हळद शिजवायची होती. काढलेल्या हळदीचे दोन ढीग होते. एक शिजवून, वाळवून विकायचा. दुसरा झाडाखाली पाल्याने झाकलेला. ते बेणं, पुढच्या लागवडीसाठी राखलेले गड्डे. हळद फुलते छान, पण बी धरत नाही. माणसाने गड्डा राखून पुन्हा पुरला तरच ती पुढे जाते. नवरीच्या अंगाला लावतात ती हळद स्वतः वांझ, आणि ती लावायला मात्र लेकुरवाळ्या पुढे हव्यात! याचा वैजयंतीला संताप यायचा, आणि तो गिळून ती दरवेळी मांडवात मागे उभी राहायची.

कढई रिकामी झाली तेव्हा ती याच विचारात होती. मजुराने विचारलं, "आता कोनतं टाकू?" तिने झाडाखालच्या ढिगाकडे हात केला. मजूर बिचारा सांगितल्या कामाचा. रंगूबाई भाकरी घेऊन येईपर्यंत बेणं शिजून मऊ झालं होतं, आणि शिजलेला गड्डा काही उगवत नाही.

"अवं, बेणं शिजवलं वं! तुह्या सासऱ्यानं आनलेलं बेणं होतं थे!" रंगूबाई मटकन खाली बसल्या. वैजयंती शिव्या खायची तयारी करून उभी होती. पण म्हातारी रडायला लागली. नवरा गेल्यापासून दरवर्षी तिने ते जिवापाड राखलं होतं.

रडणं ऐकून शेजारच्या वावरातली हिरीबाई धावत आली. काय झालं ते कळल्यावर म्हणाली, "रडतं काहून? माह्याकडचं ने. भाऊजी होते तवा त्याईनंच यातलं देल्लं होतं मले."

"थे आता तुहं झालं."

"माहं कसं? हळद त थेच हाय."

रंगूबाईंनी सुनेकडे बघितलं. "तू शिकवतं ना पोराईले? थेच असते का वं खरंच?"

"थेच, आई. थे याचं लेकरू नाही, भाऊबहीणबी नाही. थेच झाड."

दुसऱ्याच्या घरचं बेणंही आपलंच, एवढ्यावर गप्प बसली असती तर दत्तकाचं काम सोपं झालं असतं. पण सासूला फसवून मिळालेला होकार वैजयंतीला नको होता. "लेकराचं तसं नसते पण," ती म्हणाली. "हळदीसारखं थेच्या थे लेकरू कोनालेच होत नाही. माह्या पोटचं झालं असतं तरी अर्धं माहं, अर्धं तुमच्या पोराचं, अन् सारं मिळून तिसरंच कोनी. तुमचा गोलू तरी तुमच्यावर गेला का?"

"बापावरबी नाही गेला," रंगूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "कोनावर गेला काय मालूम."

हिरीबाई फिस्सकन हसली.

"मंग त्याले आपलं कसं म्हनलं तुमी?"

"कसं म्हंजे? घेतला, पाजला, निजवला. झाला आपला."

बोलून झालं आणि आपण काय बोललो ते म्हातारीच्या ध्यानात आलं. ती शिजलेला गड्डा हातात दाबत बसली. मग ती उठली, लुगडं झटकलं. "थे दत्तक देतेत तिथं पोरगी भेटते का? पोरगीच आन. अजून एक गोलू आला त कोन सांभाळीन?"

दिवाळीपासून वैजयंती याच शब्दांची वाट पाहत होती. तिला आनंद झाला, खरंच झाला. आणि त्याच क्षणी तिला ते लेकरू आठवलं, जे कधी झालंच नव्हतं. त्याच्यासाठी तिने एक नाव ठरवलं होतं, गोलूलाही न सांगता. येणाऱ्या पोरीसाठी आपण दुसरं नाव शोधू, तिने मनाशी म्हटलं. हे त्याचं त्याच्यापाशी राहू दे.