प्रभाची कुंची

छप्पन साली बौद्ध धम्म घेतल्यावर तानाबाईने देव बुडवले तेव्हा एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं पुजलेले चांदीचे टाक, मरीआईचा मुखवटा, सगळं टोपलीत घातलं आणि बोरी अरबच्या खाली अडाण नदीच्या डोहात स्वतःच्या हातानं सोडलं. नंतर सून होऊन आलेल्या सत्यशीलाला ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी सांगितली होती. कॉलेजात शिकलेली सून सासूकडे आदरानं पाही ती त्यामुळेच.

आणि स्वतः तिच्याच्यानं एक कुंची जाळवली नव्हती.

गेल्या चैत्रात गावात देवीची साथ आली. सत्यशीलाची दोन वर्षांची लेक प्रभा नवव्या दिवशी गेली. डॉक्टरांनी बजावलं, पोरीच्या अंगाला लागलेली चिंधीसुद्धा ठेवू नका. नवऱ्याने, भीमराजने, परसात ढीग केला. गोधडी, झबली, कापडाची बाहुली. दिवस भरत आलेल्या सत्यशीलाने स्वतः काडी लावली. पण कुंची त्या ढिगात नव्हती. तिच्या आईने खणाची शिवलेली, हिरव्या काठाची ती कुंची पेटीत, कॉलेजच्या पुस्तकांखाली गेली होती. कुंचीला अजून प्रभाच्या डोक्याचा वास होता. खपल्यांमधून रोग कसा टिकतो, कापडाला कसा चिकटून राहतो, हे त्याच पुस्तकांतलं तिला पाठ होतं. तरीही.

पुढे मुलगा झाला. ती त्याला पाणी उकळून पाजी. हात धुतल्याशिवाय कुणाला त्याला उचलू देत नसे. देवी टोचणारा दारात आला तेव्हा बाळाला खोकला होता. तिनेच त्या माणसाला पुढच्या खेपेला या म्हणून परत पाठवलं.

पौषातल्या एका सकाळी ती नदीवरून धुणं घेऊन आली. ओसरीवर तानाबाई बाळाला मांडीवर घेऊन उन्हात बसली होती. बाळाच्या डोक्यावर हिरव्या काठाची कुंची. तिचा बंद त्याच्या तोंडात.

सत्यशीलाच्या काखेतलं गाठोडं खाली पडलं.

"कुठून काढली ही?"

"तुह्या पेटीतून. लेकरू काकडून राह्यलं होतं. अशी मोलाची कुंची पुस्तकाखाली कायले दाबून ठेवतं वं? उंदरायले?"

"आत्याबाई, ती प्रभाची आहे."

"प्रभाची?" तानाबाईचा हात थांबला. "मले वाटलं, तुह्या मायनं याच्यासाठी दुसरी पाठवली. प्रभाची तं जाळली ना?"

सत्यशीलाने बाळाच्या तोंडातून बंद ओढून काढला. तो किंचाळला.

"म्या मरीआई बुडवली," तानाबाई हळूच म्हणाली, "अन् तुह्याच्यानं एक टोपडं नाही जाळल्या गेलं?"

कुंची चुलीत गेली. काठ जळायला वेळ लागला.

त्याच दुपारी दोघी बाळाला घेऊन बसने दारव्ह्याच्या दवाखान्यात गेल्या. टोचणाऱ्याने बाळाचा दंड टोचला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आठव्या-नवव्या दिवशी ताप येईल. तो टोचल्याचा असतो. पण अंगावर दुसरीकडं कुठं पुरळ दिसलं, तर मग ती देवीच. पंधरा दिवस नजर ठेवा."

रोज उजाडताच सत्यशीला बाळाला उघडं करून दारात आणी आणि तसूतसू पाही. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, तळव्यांवर. डासाचा चावा दिसला तरी ती त्याला उन्हात नेऊन पुन्हा पाही.

नवव्या दिवशी दिवेलागणीला अंग तापलं.

तानाबाई ओलं फडकं घेऊन बसली. समोर देवांचा रिकामा कोनाडा होता.

"पहिले असं झालं का म्या मरीआईशी भांडत जाओ," ती म्हणाली. "शिव्या घालत जाओ तिले. आता कोणाले बोलू?"

"मला बोला, आत्याबाई."

तानाबाईने फडकं पिळलं. पुन्हा भिजवलं, पुन्हा पिळलं.

"तुले काय बोलू," ती म्हणाली. "कंदील आण. पाठ पाहू दे त्याची."

सत्यशीलाने बाळाला मांडीवर पालथं घेतलं. दंडावर टोचल्याचा फोड टरारला होता. पाठ अजून कोरी होती.

पंधरातले आणखी सहा दिवस होते.