दुपारच्या पाळीआधीची मिरवणूक

मित्रांनो, आधी नीट बसा. मी सांगत असताना कोणी मध्ये बोललेले मला चालत नाही. मी एक जुनी पांढरी घोडी आहे. जुनी म्हणा, म्हातारी म्हणू नका. माझे नाव राणी, आणि ते मला शोभते.

माझी उमेदीची वर्षे रायपूरच्या वरातींमध्ये गेली. कपाळावर झालर, पाठीवर जरीची झूल आणि कानाशी ढोलताशे. नवरदेव थरथरत, मी कधी बिथरले नाही. माझा पहिला मालक बंडू याने एक रिवाज माझ्या अंगी भिनवला होता. फुलांची कमान आली की थांबायचे, आणि घरच्या बाईने ओंजळीतून भिजवलेले चणे भरवल्याखेरीज पाऊल उचलायचे नाही. तो मान मी एकदाही सोडला नाही.

पुढे माझा गुडघा सुजला. लंगडी घोडी वरातीत कोणाला हवी? तेव्हा रायपुरातल्याच खमतराई वस्तीतल्या भावनाने मला बंडूकडून आपल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणले. ही मुलगी उरला या औद्योगिक भागातल्या लोखंडी सळ्यांच्या कारखान्यात क्रेन चालवते. उंच केबिनमध्ये बसून तापलेले लोखंड असे अलगद उतरवते, की ऐकूनच माझी मान ताठ होते.

कारखान्याची पाळी दर आठवड्याला बदलते. माझे पोट मात्र बदलत नाही. चारा वेळेवर हवा म्हणजे हवाच. भावनाने एकदाही तक्रार केली नाही. सकाळची पाळी असली की ती कोंबड्याच्याही आधी माझ्यापुढे कडब्याची कुट्टी टाकी. रात्रपाळीहून लाल डोळ्यांनी परतली, तरी प्रथम माझे खूर उचलून त्यांतले खडे काढी आणि मग स्वतःचे तोंड धुई. गुडघा बरा झाल्यावर रेल्वेच्या मैदानावर ती मला रपेटीला नेऊ लागली. तिच्या हाताइतका हलका लगाम मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही.

घरच्यांना हे पटत नसे. तिची आई कलावती दारातूनच ओरडे, "इथं माणसाले चहा नाही अन् घोडीची मालिश सुरू हाय!" शेडमध्ये तिने कधी पाऊल टाकले नाही. वडील धर्मपाल रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, वेळेचे पक्के. एकदा मला पोटशूळ उठला आणि भावना कामावर उशिरा पोहोचली. साहेबांनी तिला ताकीद दिली. तेव्हा धर्मपाल म्हणाले, "पोट्टी, दोन दगडांवर पाय देऊन राहिली तू. आता हिच्यापायी एकही ड्युटी चुकली, त हे घोडी बंडूकडे वापस."

भावनाने मान हलवली. तिचा शब्द म्हणजे शब्द.

मग चौदा एप्रिल आला. जयंतीच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे घोडीवर निळा फेटा बांधून भावना बसणार, असे वस्तीने ठरवले. धर्मपालांनीही होकार दिला. "माझ्या आज्याले सोताच्या लग्नात घोडीवर बसू नाही दिलं गावानं," ते म्हणाले. "माझी पोट्टी बसंल. पण दुपारची पाळी चुकवायची नाही, सांगून ठेवतो."

मिरवणूक निघाली. ऊन तापले होते, पण मी तशी चालले जशी मीच चालू जाणे. चौकात फुलांची भली मोठी कमान उभी होती, शेजारी चणे-सरबत वाटणारा स्टॉल. मी थांबले.

मागे बँड थांबला, गर्दी थांबली. पोरांना ऊत आला. "अबे, घोडी बंद पडली!" "दीदी, चोक खींचो!" "धक्का मारना पडेगा क्या?"

मी कान टवकारून उभी राहिले. रिवाज तो रिवाज. कमान वधूच्या दाराची आहे की स्वागताची, हे पाहणे माझे काम नव्हे.

माझ्या बाजूने चालणाऱ्या धर्मपालांनी घड्याळ पाहिले. त्यांचा चेहरा उतरला. "भावना, पाळीचा टाइम होऊन राहिला. मार एक टाच!"

"नाही बाबा," ती शांतपणे म्हणाली. "अडकलेला माल ओढायचा नसते. कुठं अडकला, ते पाहायचं असते."

तिने माझ्या मानेवर हात ठेवला, वर कमानीकडे पाहिले आणि एकदम हसली. बंडूने तिला सारे सांगितले होते. "आई! त्या स्टॉलवरचे भिजलेले चणे आण ओंजळीत. अन् तूच भरव."

"मी? काहून मी? चावंल ना ते!"

"घरची बाई लागते तिले. ये लवकर!"

मागच्या बायकांमधून कलावती पुढे आली. डोळे घट्ट मिटून तिने ओंजळ पुढे केली. मी अगदी अदबीने चणे टिपले. तिच्या बोटांना ओठही लागू दिले नाहीत. तिने एक डोळा उघडला. "बाई, लय शिस्तीची हाय हे!" मी पाऊल उचलले. निळे झेंडे उसळले, आणि "जय भीम"च्या गजरात आम्ही कमान ओलांडली.

मिरवणूक संपली तेव्हा जेमतेम उरल्याला पोहोचण्याइतका वेळ उरला होता. पण तापलेल्या घोडीला तसेच सोडता येत नाही. तिला सावलीत फिरवावे लागते, पाणी थोडे थोडे पाजावे लागते. भावना दोर हातात धरून उभी राहिली. एकीकडे कारखाना, दुसरीकडे मी. ती एकदा स्कूटीकडे, एकदा माझ्याकडे पाहू लागली. त्या दिवसात मी तिला डगमगताना पाहिले ते तेवढेच.

धर्मपालांनी तिच्या हातातून दोर घेतला. "जा तू ड्युटीवर. हिले मी नेतो."

"बाबा, एकदम पाणी नका पाजू. अन् पहिले..."

"मालूम हाय. रोज खिडकीतून पाहूनच राहिलो तुले."

ती स्कूटीवर बसून गेली आणि पाळीवर वेळेत पोहोचली. धर्मपाल मला कडुनिंबाखाली फिरवत राहिले. दोर त्यांनी गार्डाच्या झेंडीसारखा ताठ धरला होता. मी तो चालवून घेतला. आता सकाळच्या पाळीच्या आठवड्यात माझा चारा तेच टाकतात, आणि एक मिनिटाचाही उशीर करत नाहीत.

मित्रांनो, नोकरी करून मुक्या जिवाला सांभाळणारे माणूस तुमच्या घरात असेल, तर त्याला "ही उठाठेव कशाला?" असे विचारू नका. ते थकते, फक्त सांगत नाही. त्याच्या हातातला दोर घटकाभर तुम्ही धरा. आणि घोडीजवळ नेहमी समोरून या. मागून येणाऱ्यांची जबाबदारी मी घेत नाही.