देवाचा मेंढा

“नुसतं डोकं टेकवलं आन् सुटला व्हय?” धुरपदाबाई कडाडली. “आन् घोडा? घोडा कुठाय?”

सारिकानं पुस्तकात बोट घालून सासूकडे पाहिलं. वाचनालयातून आणलेली जाडजूड ऐतिहासिक कादंबरी शेवटाला आली होती. देवाचा सोन्याचा घोडा लुटणारा सरदार गलबतावर गुलाम होऊन, वल्ही मारून मारून पार खंगला होता आणि आता त्याच देवळाच्या पायरीवर रडत होता.

“घोडा त्यानं वितळवला की, आत्या. पण त्याला पस्तावा झालाय.”

“मग दुसरा घडव म्हणावं. तवर मिटून ठेव ते.”

हा टोला सरदाराला नव्हता, हे ओट्यावर बसलेल्या सावळारामला बरोबर कळलं. तो धुरपदाबाईचा धाकटा भाऊ. बाप गेल्यावर त्यानं आपल्या गावी, खुटबावला, मेंढरं मोडून ऊस लावला, तेव्हा इथल्या न्हावऱ्याच्या माळावरच्या बिरोबाला सोडलेला मेंढाही खाटकाच्या टेंपोत चढवला होता. तेव्हापासून बहिणीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. तरी हा बाबा तिच्याकडे यायचा, ओट्यावरच बसायचा आणि सुनेनं दिलेला चहा पिऊन जायचा. आज तो तसाच उठला.

“मामा, चहा झालाय!”

“मेंढा आणीन तवाच पिईन, पोरी.”

वर्ष सरत आलं. वाचनालयवाले पुस्तक मागून थकले, पण धुरपदाबाई काही ते देईना. देव्हाऱ्याशेजारी ते तसंच मिटलेलं पडून होतं.

दिवाळीनंतर सावळाराम आला तो पायी. देवाचा मेंढा गाडीत घालत नाहीत, चालवतच नेतात. उसाच्या ट्रॉल्या चुकवत, भीमेचा पूल ओलांडत हा गुडघे धरलेला म्हातारा मेंढ्याला ओढत होता, आणि मेंढा त्याच्याहून हट्टी निघाला होता.

“इकत न्हाई आणला, आक्का,” तो धापा टाकत म्हणाला. “शेळीच्या दुधावर म्या वाढिवलाय. उद्या सकाळी बिरोबाला सोडू.”

धुरपदाबाईनं मेंढ्याच्या कपाळाला भंडारा लावला, पुढ्यात पाण्याची बादली ठेवली. मग तिची नजर भावाच्या सुजलेल्या पायांवर गेली आणि तिला भरून आलं. पण ती गळ्यात पडून रडणाऱ्यातली नव्हती.

“आत ये,” ती म्हणाली. “दारात काय उभा ऱ्हायलास?”

सावळाराम आत भिंतीला टेकून बसला. सारिकानं त्याच्या हातात चहा दिला, पुस्तकावरची धूळ पदरानं पुसली आणि खुणेचं पान उघडलं. सरदार अजून पायरीवर तसाच रडत होता.

“वाच,” धुरपदाबाई म्हणाली. “उठव त्याला आता.”