टेपखालची चीर

वीस वर्षं सायकली दुरुस्त करतेय मी. माझ्या हाताला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. त्यामुळे त्या चष्मेवाल्याने अदलाबदलीच्या साइटवर माझ्याविरुद्ध तक्रार टाकली तेव्हा माझं डोकंच फिरलं.

सौदा सरळ होता. माझं कार्बनचं जुनं हँडल त्याला, त्याची दोन चाकं मला. वर्णनात मी लिहिलं होतं, ‘वापरलेलं, पण निर्दोष’. आठवड्याने हा म्हणतो, हँडलवरची टेप काढली तर ब्रेक आवळणाऱ्या पट्ट्याखाली चीर आहे. सोबत फोटो. मला त्यात काही म्हणजे काही दिसेना. मी कळवलं, चष्मे विकता ना, त्यातलाच एक लावून बघा. त्याने शांतपणे व्हिडिओ पाठवला. नाण्याने हँडलवर टकटक करत गेला, आणि एका जागी आवाज बद्द झाला. मी म्हटलं, तुम्हीच आवळून फोडलंत, आता माझ्या गळ्यात मारताय.

साइटवाल्यांनी दोघांकडे पुरावा मागितला. माझ्याकडे तो घरातच होता. तसली दोन हँडलं मी एकाच दिवशी बसवली होती, एक माझ्या सायकलला, जे याला दिलं ते, आणि एक मुलीच्या. याच हाताने, याच पान्याने. तिचं उघडून फोटो पाठवते, म्हटलं, म्हणजे याचं तोंड बंद होईल.

मुलगी वैतागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची शर्यत होती, टेकडीच्या उतारावरची. सायकल पुसून, नंबर लावून तयार. आजच कशाला, म्हणाली. मी ऐकते थोडीच! टेप सोडली, पट्टा सैल करून सरकवला, कॅमेरा जवळ नेला.

चीर होती. त्याच जागी. नखाला लागत होती.

कार्बन जास्त आवळला तर चिरतो, त्याला माप दाखवणारा पाना लागतो, हे मला ठाऊक होतं. पण माझं मनगट लोखंडी सायकलींवर तयार झालेलं. मला मापं कोण शिकवणार, ही ऐट. आणि त्या ऐटीवर पोरगी उद्या भरधाव उतरणार होती.

चष्मेवाल्याला फोन लावला. “चूक माझी आहे,” म्हटलं, “तुम्ही भांडला नसतात तर माझी पोर गेली असती हो.”

तो म्हणाला, “दोन्ही हँडलं करवतीने कापू या. कचऱ्यातून उचलून कुणी लावायला नको. आणि ताई, तो मापाचा पाना घ्या. डोळ्यांचा नंबर मीही अंदाजाने काढत नाही.”

मी पुन्हा त्याला उलट बोलले नाही.

शर्यतीत मुलगी एकतिसावी आली. मी बसवलेलं साधं हँडल किती जड आहे, यावर घरी येईपर्यंत तिची कुरकुर चालू होती. मी जन्मात कुणाची कुरकुर इतक्या आनंदाने ऐकली नव्हती.

त्याची चाकं परत पाठवली. तक्रार बंद करायला साइटचा फॉर्म आला. वाद कसा मिटला? वस्तू परत, पैसे परत, विक्रेत्याची चूक, इतर. मी ‘इतर’ निवडलं आणि खालच्या चौकटीत लिहिलं, ‘माझी मुलगी घरी आली. आत्ता आतून जेवायला हाका मारतेय. या गृहस्थांचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.’