कोपऱ्यातल्या टेबलावरची मराठी

तंजावरात गुपित राखायचं असेल तर ते मराठीत बोलावं, हे विनुताला तिच्या आईने लहानपणीच शिकवलं होतं. साड्यांच्या दुकानात दुकानदाराच्या तोंडावर "हा लुबाडतो आहे, चल इथून" असं खुशाल म्हणावं आणि हसून बाहेर पडावं. बसमध्ये शेजारणीच्या सुनेचं सगळं चरित्र काढावं, कुणाच्या बापाला कळणार नाही. इतकी वर्षं या गावात राहून आपल्या मराठी घराण्यांनी काय जपलं असं कुणी विचारलं तर विनुताने हेच सांगितलं असतं. देवनागरी तिला धड वाचता येत नव्हती, आईला पत्र लिहायची तेही मराठीच, पण तमिळ अक्षरांत. बोलायची मराठी मात्र चोख. भर बाजारात आपली एक खोली असावी आणि तिला आतून कडी असावी, तशी.

घरात ही कडी उपयोगाची नव्हती. घरात सासू होती. शेषम्मा, वय अठ्ठ्याहत्तर, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, गुडघे गेलेले पण कान शाबूत. मराठी, तमिळ, इंग्रजी, तिन्ही भाषांत त्यांना कुजबूजसुद्धा कळायची. त्यामुळे त्यांच्या कानावर जाऊ नये असं जे काही असेल ते बोलायला विनुता आणि तिचा नवरा प्रणवेश दर शनिवारी संध्याकाळी 'तणल'मध्ये जात.

तणल म्हणजे तमिळमध्ये निखारा. सेतुराम नावाच्या माणसाने आपल्या घरापुढच्या अंगणात पत्रे टाकून हे सहा टेबलांचं बार्बेक्यू थाटलं होतं. तेलाचं पिंप आडवं चिरून त्याची शेगडी केलेली, तिच्यात करवंट्यांचा कोळसा, वर सळयांना ओवलेली मिरी-कढीपत्त्याची कोंबडी आणि कडेला अननसाच्या फोडी. मेडिकल कॉलेजची पोरं इथे पडीक असत. इंटरनेटवर लोक या जागेला साडेचार तारे द्यायचे आणि अर्धा तारा धुराबद्दल कापला असं बजावून सांगायचे. विनुताने पाच दिले होते, पण खोट्या नावाने. देशस्थाच्या सुनेने मिरी-कोंबडीची तारीफ स्वतःच्या नावाने करायची म्हणजे उद्या सगळ्या गोतावळ्यात शोभा. सासूबाईंना, म्हणजे अम्मांना, सांगून यायचं की प्रणवेशच्या मित्राकडे जातो. परतताना तोंडात लवंग.

कोंबडी हे लहान पाप. मोठं पाप गेले आठ महिने कोपऱ्यातल्या टेबलावर शिजत होतं.

प्रणवेशला मस्कतच्या एका कॉलेजात नोकरी लागली होती. अम्मांना एवढंच माहीत होतं की मुलगा एकटा जाणार आणि सून घरी त्यांच्याजवळ राहणार. प्रत्यक्षात तिकिटं दोन होती. अम्मांसाठी तिरुवैयारुच्या पुढे, कावेरीच्या काठी, एका वृद्धाश्रमात खोली ठरली होती. हे त्यांना सांगायचं कसं, यावर दोघांनी कितीतरी शनिवार घालवले आणि शेवटी न सांगायचं ठरवलं. घराला रंग काढायचाय, वासाचा त्रास होईल, दहा दिवस तिकडे राहा, असं म्हणून न्यायचं. आश्रमाची कल्पना प्रणवेशची. रंगाची विनुताची. ती सुचली तेव्हा प्रणवेशने तिच्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं होतं की तिलाही आपण काहीतरी सोय केली असंच वाटलं.

त्या शनिवारी सहाच्या सुमाराला दोघं नेहमीच्या टेबलावर बसली होती. शेगडी तिथून चार हातांवर.

"गुरुवारी सकाळीं नवाला गाडी सांगितलों आहे," प्रणवेश म्हणाला.

"औषधें किती बांधूं? दहा दिवसांचीं कीं महिन्याचीं?"

"दहाचींच बांध. जास्ती दिसलीं तर अम्मा विचारेल."

"सरि, दहाचींच," विनुता म्हणाली आणि तिने कोंबडीचा तुकडा तोडला.

तेवढ्यात फाटकातून तीन माणसं आत आली. पन्नाशीचा एक गृहस्थ, त्याची बायको आणि कॉलेजातली मुलगी. देऊळ बघून आलेले असावेत, कपाळाला विभूती होती आणि पायांना भाजल्यासारखी चाल. गृहस्थाने सेतुरामला मोडक्या हिंदीत काहीतरी विचारलं, मग बायकोकडे वळून वैतागून म्हणाला, "याला कायबी कळंना. चल, दुसरीकडं बघू."

सेतुरामने हातातला चिमटा खाली ठेवला.

"आवं काका, जाताय कुठं? या की, बसा निवांत," तो म्हणाला. "कुठनं आला म्हणायचं? सांगली का कोल्हापूर?"

गृहस्थ जागच्या जागी थांबला. मग त्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "सांगली. तुम्ही मराठी?"

"न्हाई ओ. हितलाच मी. पर अकरा वर्सं इचलकरंजीत काढली, हाटेलात भट्टीवर. पोरीला तिखट चालतं न्हवं? का कमी करू?"

विनुताच्या हातातला तुकडा हातातच राहिला. ती मराठी तिची नव्हती. ती धिप्पाड होती, मोकळी होती, विनुताच्या मराठीपेक्षा कितीतरी जास्त मराठी होती, आणि ती या माणसाच्या तोंडून येत होती. आठ महिने हा माणूस चार हातांवर उभा राहून सळया फिरवत होता. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं त्यांनी इथे बसून काय काय बोलून टाकलं होतं. तिला वाटलं, आपण भर अंगणात उघड्या उभ्या आहोत.

प्रणवेशनेही ऐकलं होतं. तो पांढरा पडला, मग सावरला, आणि या जागेत पहिल्यांदाच इंग्रजीत कुजबुजला. ऐकलं असेल तर असेल, तो काय करणार आहे, आपल्याला ओळखतो थोडाच. गुरुवारपर्यंत पाच दिवस राहिलेत. पुन्हा इथे यायचं नाही, संपलं.

पण विनुताला बसवेना. सांगलीची माणसं टेबलाशी बसल्यावर ती उठून शेगडीपाशी गेली. जाऊन काय बोलायचं ते तिलाही माहीत नव्हतं.

"तुम्हाला आमचं बोलणं कळत होतं?" तिने तमिळमध्ये विचारलं. मराठीत विचारायचा धीर झाला नाही.

सेतुरामने मराठीतच उत्तर दिलं. "पयल्या दिसापास्नं, ताई. तुमची मराठी जरा येगळी हाय, जुन्या माणसावानी. पर कळतीया."

"मग बोलला का नाहीत?"

तो जरा ओशाळला. "पयल्याच दिवशी तुम्ही साहेबास्नी म्हणालात, याची दाढी बघून जेवायचं मन होईना. तवा कसं बोलायचं? तुम्हालाच लाजल्यागत झालं असतं. मग ते राहूनच गेलं."

दुसरी वेळ असती तर विनुता लाजेने मेली असती. आज दाढीचं काही वाटलं नाही.

"काय काय ऐकलंत?"

सेतुरामने सळई फिरवली. चरबीचा थेंब कोळशावर पडून धूर झाला. त्याने तिच्याकडे न बघता, बाजारहाटाची यादी सांगावी तसं सांगितलं. "म्हातारीला रंगाचं सांगून न्यायचं. आदी धा दिवस म्हणायचं, मग म्हैना म्हणायचं, मग तिची तिलाच सवय हुतीया, इचारायची बंद हुतीया. तुम्ही परदेशाला गेल्याचं फोनवर सांगायचं. म्हंजी रडली तरी दिसणार न्हाई."

शेवटचं वाक्य विनुताचं होतं. पावसाळ्यात कधीतरी, इथेच, अननस खाताना ती ते म्हणाली होती आणि प्रणवेश म्हणाला होता, तेही खरंच. तेव्हा ते वाक्य किती साधं वाटलं होतं. मायेचंच वाटलं होतं. आता हा परका माणूस तेच शब्द बोलला, एकही वाढवला नाही. हे मी बोलले? गणिताच्या पेपरात पोरं नापास होऊ नयेत म्हणून रविवारी फुकट शिकवणाऱ्या, मला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणाऱ्या बाईबद्दल हे मी बोलले?

"तुम्ही कुणाला सांगितलंत?" तिने विचारलं. आता ती मराठीत बोलत होती.

"कुणाला सांगू? तुमचं घर कुठं हेबी ठावं न्हाई मला." त्याने अननसाच्या दोन फोडी पानावर काढल्या. "तुमचं हे झालंय. हितं खाताय का बांधून देऊ?"

त्याने एक शब्दही सुनावला नाही, आणि त्यामुळे विनुताला तिथे उभंच राहवेना. चार बोल ऐकवले असते तर निदान रागावता तरी आलं असतं. ती तशीच वळली.

स्कूटरवर बसताना ती म्हणाली, "मी आज अम्मांना सांगून टाकतें."

"काय?"

"सगळं. जायाचं असेल तर कळून जाऊं दे त्यांना."

प्रणवेशने स्कूटर सुरूच केली नाही. वेड लागलंय का, आठ महिने निभावलं आणि आता पाच दिवसांसाठी, अम्मा नाहीच म्हणाली तर नोकरीचं काय, असं तो तमिळ, इंग्रजी आणि मराठीत मिळून बोलत राहिला. शेवटी तो म्हणाला, "तुला जें करायाचं तें कर," आणि चावी फिरवली. वाटेत दोघांनीही लवंग तोंडात टाकली नाही. लक्षातच नाही आलं.

प्रणवेश बाहेर स्कूटर लावत होता तेव्हा विनुता घरात आली. अम्मा हॉलमध्ये खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या पुढ्यात वर्तमानपत्रांची चवड होती. भिंतीवरच्या तसबिरी काढून त्या एकेक कागदात गुंडाळत होत्या. हे सगळं त्यांनी एकटीने, त्या गुडघ्यांवर उभं राहून केलं होतं.

"रंगवाले आले कीं घाई होते," अम्मा म्हणाल्या. "तुमच्या खोलीला फिकट हिरवा काढा मणून सांग. माझ्या खोलीला कुठलाही चालेल."

विनुता तिथेच जमिनीवर बसली आणि तिने सांगून टाकलं. रंग नाही. दहा दिवस नाहीत. मस्कतला मीही जाते आहे. गुरुवारी गाडी येणार ती तुम्हाला कायमचं वृद्धाश्रमात न्यायला. रंगाचं खोटं मी रचलं. ती मध्ये कुठेही थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं.

अम्मांचे हात कागदावर तसेच राहिले. विनुताला वाटलं, त्या ओरडतील, रडतील, निदान का म्हणून विचारतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"प्रणूला हें ठाऊक आहे?"

विनुता हबकली. हा प्रश्न तिच्या डोक्यातही आला नव्हता. अम्मांच्या डोळ्यांत एवढीशी आशा होती, आणि ती आशा अशी होती की हे सगळं सुनेचंच कारस्थान निघावं. खरं सांगितलं तर ती मोडणार होती. नाही म्हटलं तर आणखी एक खोटं. तिने तोंड उघडलं आणि तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मला काय ठाऊक?" प्रणवेश म्हणाला. तो उंबऱ्यात उभा होता, हातात हेल्मेट. "हें काय बोलते आहे विनू? मी आत्ताच ऐकतों आहे, अम्मा."

विनुताने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. सोळा वर्षांच्या संसारात तिने त्याला रागावलेला पाहिला होता, घाबरलेला पाहिला होता, आळशी तर रोजच पाहत होती. हा माणूस तिने पाहिला नव्हता. प्रणवेश तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

अम्मांनी लेकाकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग पुन्हा लेकाकडे. त्यांचा चेहरा शांत होता. वर्गात फळ्यापाशी उभ्या असताना असाच असणार.

"असूं दे," त्या म्हणाल्या. "होणार तें होईल. पण तिथें जिने किती आहेत कीं, कोण जाणे. हे माझे गुडघे, मला जिना चढायाला होत नाही."

"जिना नाही अम्मा," प्रणवेश लगेच म्हणाला. "खालचीच खोली आहे. मी मुद्दाम बोलून—"

तो थांबला. प्रणवेशने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं आणि पुन्हा पहिल्या हातात घेतलं.

अम्मा खुर्चीच्या हातावर भार देऊन उठल्या. आपल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या, तिथे चौकट धरून क्षणभर उभ्या राहिल्या, आणि मागे न बघता म्हणाल्या,

"गुरुवारी मला सोडायाला विनुता येईल. तूं येऊं नकों."